कात्रणाची मागची बाजू

विज्ञानाची कुठलीही बातमी आणा, चार ओळींत तिची हवा काढून दाखवतो, अशी त्याची अकरा वर्षांची पैज होती आणि आजवर तो हरला नव्हता. वर्तमानपत्राच्या पाचव्या पानावर, खाली डाव्या कोपऱ्यात त्याचं 'टाचणी' नावाचं चौकोनी सदर रोज यायचं. त्यामुळे ऑफिसात त्याला सगळे टाचणीकारच म्हणत. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

यंत्रमानव कपड्यांच्या घड्या घालतो, पण एका शर्टाला सात मिनिटं लावतो, अशी बातमी आली, तेव्हा त्यानं लिहिलं, 'म्हणजे तोही शेवटी नवराच निघाला.' मुंग्यांना मोजता येतं असं कुणीतरी शोधून काढलं, तेव्हा त्यानं लिहिलं, 'साखरेचा डबा पाहून आम्हाला आधीच संशय होता.' लोक हसायचे. लिफ्टमध्ये अनोळखी माणसं पाठीवर थाप मारायची. अशानं माणूस थोडा फुगतोच.

त्याची एक पद्धत होती. बातमीचं शीर्षक वाचायचं, फार तर उपशीर्षक, आणि थांबायचं. "पूर्ण बातमी वाचली की विनोद मरतो," असं तो सहकाऱ्यांना सांगायचा. "खरं काय ते कळलं, की हसायला उरतं काय?"

बुधवारी दुपारी त्याच्या टेबलावर एक शीर्षक आलं. 'ज्येष्ठांच्या उठण्याबसण्यावर चार वर्षं संशोधन.' खाली लहान अक्षरात, 'बेचाळीस जणांचा सहभाग.' एवढं त्याला पुरेसं होतं. चहा निवायच्या आत त्यानं लिहून टाकलं:

'चार वर्षं बेचाळीस म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवलं आणि उठवलं. निष्कर्ष: म्हातारी माणसं उठताना आई गं म्हणतात. पुढची चार वर्षं ही आई कोण, यावर संशोधन. रिकाम्या म्हाताऱ्यांना काम मिळालं, रिकाम्या शास्त्रज्ञांना पगार मिळाला. खुर्चीला काय मिळालं ते कळलेलं नाही.'

संपादक वाचून मोठ्यानं हसले. एरवी ते सुस्कारा टाकून सही करत.

गुरुवारी सकाळी तो दाढी करत असताना बायको फोन ठेवून दारात आली.

"अहो, ताईंचा फोन होता. आजच्या तुमच्या पेपरचे पाच अंक घेतलेत त्यांनी. नाव छापून आलंय म्हणाल्या."

"ताईचं? कशात?"

"ते खुर्चीचं संशोधन नाही का? त्याच्यासाठीच तर दर मंगळवारी जायच्या त्या."

त्याचा हात गालावरच थांबला. अर्ध्या चेहऱ्यावरचा फेस तसाच ठेवून तो बाहेर आला, पेपर उचलला आणि थेट पाचवं पान उघडून स्वतःचं सदर वाचलं. काल जे वाचून त्याला स्वतःलाच गुदगुल्या झाल्या होत्या, ते आज कुणीतरी कानफटात मारल्यासारखं वाटलं. दुसरं कुठलं पान उघडून पाहावं हे त्याला सुचलंच नाही. अकरा वर्षांची सवय होती.

ताई त्याच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो सहावीत होता, आणि शाळेत शिवणाच्या बाई असलेल्या ताईनं त्याचे डबे, निबंध आणि पँटीचे गुडघे असं सगळं एकटीनं सांभाळलं होतं. तीन वर्षांपूर्वी भावोजी गेले. तेव्हापासून ती दोन गल्ल्या पलीकडच्या फ्लॅटमध्ये एकटीच राहायची. मंगळवारी ती घरी नसते एवढं त्याला माहीत होतं. बँकेत जात असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घालून ठेवली होती. बँक मंगळवारीच का, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

तो चपला घालून धावतच निघाला. वाटेत त्यानं बेत पक्का केला. ताई त्याचं सदर सकाळी वाचत नाही. संध्याकाळी चहा घेऊन, पाय वर करून, निवांत वाचते. म्हणजे हातात सात-आठ तास होते. तेवढ्यात पाचही अंकांतून सदर कापून काढायचं. झालं.

ताईनं दार उघडलं. चांगली साडी नेसली होती.

"बारक्या, अर्धीच दाढी?"

"घाई होती गं. ताई, मला तुझ्याकडचे पेपर हवेत. म्हणजे पेपर नको, नुसती टाचणी कापून घेतो. कात्रणं हवीत."

"पाचही?"

"पाचही."

"कशाला?"

इथं 'फाईलला लावायची आहेत' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण घाबरलेला माणूस गरजेपेक्षा मोठं खोटं बोलतो.

"संपादक पुस्तक काढायचं म्हणतायत. टाचणीचं."

ताईनं त्याच्या गालावरून हात फिरवला आणि बोटाला लागलेला फेस पदराला पुसला. "पुस्तक," ती म्हणाली. "आईला केवढं वाटलं असतं." आणि शिवणाच्या खणातून तिनं आपली मोठी कात्री काढून दिली, जिला त्यानं लहानपणी कागदासाठी हात लावला की धपाटा बसायचा. "घे. रेघ धरून सरळ काप. एक अंक समोरच्या पोस्टमास्तरांना दिलाय, तोही मागून घे. मी चहा टाकते."

त्यानं टेबलावरच्या चार अंकांतली चार सदरं कापली. कडा सरळ आल्या. ताईनंच शिकवलं होतं. मग तो समोरच्या दारात गेला. निवृत्त पोस्टमास्तर पाचवं पान धरून बसले होते.

"झकास," ते म्हणाले. "ही आई कोण, यावर संशोधन. सकाळपासून तीनदा वाचलं."

"काका, जरा द्या इकडे. कापून घेतो."

"अहो पण मागचं वाचायचंय मला अजून. ताईंनी त्यासाठीच दिलाय."

"नंतर वाचा," असं म्हणत त्यानं त्यांच्या मांडीवरच कात्री चालवली. पोस्टमास्तरांनी चाळीस वर्षं लोकांची पाकिटं न उघडता पोचवली होती. आपल्या हातातला पेपर कुणी असा कापून नेईल, हे त्यांच्या कल्पनेत नव्हतं. ते नुसते बघत राहिले.

पाच कात्रणं खिशात टाकून तो परत आला, तेव्हा त्याचा जीव खऱ्या अर्थानं भांड्यात पडला होता. ताईनं चहा आणला. त्यानं पहिला घोट घेतला.

"आता माझं बघ," ताई म्हणाली. तिनं भिंग घेतलं, वरचा अंक उचलला आणि सहावं पान सुटं काढून समोर धरलं.

पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोनी भोक होतं. त्या भोकातून ताईला भावाचा शर्ट दिसला आणि भावाला ताईचा चष्मा. तिनं दुसरा अंक उघडला. मग तिसरा, मग चौथा. चारही खिडक्या अगदी एका मापाच्या होत्या.

पाचव्या पानाच्या मागे सहावं पान असतं, हे वर्तमानपत्रात अकरा वर्षं काढलेल्या माणसाला कुणी सांगायला लागू नये. पण आता सांगून उपयोगही नव्हता.

"अरे, माझीच बातमी गेली की," ताई म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "बरं झालं, कात्रणं तुझ्याकडेच आहेत. दे, मागच्या बाजूनं वाचते."

"ताई, मी ऑफिसातून कोरे अंक आणतो ना. दहा आणतो."

"आणशील रे. पण खिशात पाच आहेत ते दे की आधी."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. संपादक होते.

"काय हो टाचणीकार, तुमच्या मिसेसनी आमच्या घरी फोन करून पुस्तकाबद्दल आभार मानले. आमची ही मला विचारतेय, किती प्रती काढताय. कसलं पुस्तक?"

तो पोस्टमास्तरांकडे असताना ताईनं त्याच्या बायकोला आनंदाची बातमी कळवली होती, आणि बायकोनं लगोलग पुढचं कर्तव्य उरकलं होतं. "नंतर बोलतो," म्हणत त्यानं फोन ठेवला. पण घर लहान होतं आणि संपादकांचा आवाज मोठा. ताईनं सगळं ऐकलं. तिनं फक्त हात पुढे केला.

त्यानं एक कात्रण दिलं.

तिनं आधी आपली बाजू वाचली. मोठ्यानं वाचली, वर्गात धडा वाचावा तशी. तोल जायच्या आधी शरीर काय खुणा देतं, हे त्या लोकांनी चार वर्षं मोजलं होतं, आणि त्यावरून कमरेचा एक पट्टा केला होता, जो पडायच्या आधी सावध करतो. खाली बारीक अक्षरात सहभागी मंडळींची नावं होती. ताईनं स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. "सतरावा नंबर. मी." मग तिनं कात्रण उलटं केलं.

ही बाजू तिनं मनात वाचली. चार ओळींना किती वेळ लागतो? त्याला वाटलं, तास झाला. तो शिलाई मशीनच्या झाकणाकडे बघत बसला. समोरचा चहा दोघांचाही तसाच होता.

"बेचाळीस नाही," शेवटी ती म्हणाली. "एकोणचाळीस."

"शीर्षकात बेचाळीस होते."

"सुरुवातीला होते. तिघं मधे गेले. त्यातले एक गृहस्थ माझ्या शेजारच्या खुर्चीवर असायचे. दर वेळी यायच्या आधी बुटांना पॉलिश करायचे." तिनं कात्रणाची घडी सारखी केली. "आणि आई गं कुणी म्हणत नाही तिथं. अंगाला पट्टे लावलेले असतात, बोललं की आकडे हलतात. आम्ही गपचूप उठायचो."

"ताई, मला माहीत नव्हतं गं तू त्यात आहेस."

"सांगितलं होतं तुला. दोन वर्षांपूर्वी, इथंच बसून. तू फोनवर काहीतरी वाचत होतास. बोलणाऱ्या फ्रिजबद्दल. मला म्हणालास, वा, छान."

त्याला फ्रिज आठवला. फ्रिजवरचा विनोदही शब्द न् शब्द आठवला. ताई काय बोलली ते काही केल्या आठवेना.

"ते गेल्यावर," ताई म्हणाली, म्हणजे भावोजी, "मंगळवारी साडेदहाला कुणीतरी आपली वाट बघतंय, एवढंच होतं रे. एकदा बस चुकली तर त्या संशोधक बाईंचा फोन आला, येताय ना म्हणून. तू रिकाम्या म्हाताऱ्या लिहिलंयस, ते तसं खोटं नाही." ती उठली. उठताना तोंडातून अवाक्षर काढलं नाही. "आणि पुस्तकाचं?"

"पुस्तक नाहीये."

"ते कळलं," असं म्हणून ती दोन्ही कप आत घेऊन गेली.

दुपारी त्यानं संपादकांना माफी छापायची विनंती केली. ते म्हणाले, माफी विनोदाची मागत नाहीत, आकड्याची मागतात. तुमच्या बहिणीनं आकडा सांगितलाय ना, मग खुलासा देऊ. शुक्रवारी पानाच्या तळाशी दोन ओळी आल्या. 'कालच्या टाचणीत सहभागी ज्येष्ठांची संख्या चुकीची छापली गेली. ती ४९ अशी वाचावी. चुकीबद्दल दिलगीर आहोत.' म्हणजे गेलेले तिघं तर परत आलेच, येताना आणखी सात जणांना घेऊन आले. तो पेपर घेऊन स्वतःच ताईकडे गेला. तिनं वाचलं आणि पेन्सिलीनं चाराचा तीन केला. शाळेत करायची तसाच, शेजारी बारीक सही करून.

त्यानंतर तो बातम्या पूर्ण वाचायला लागला. परिणाम असा झाला, की टाचणी आठवड्यातून दोनदाच येऊ लागली. पूर्ण वाचल्यावर बहुतेक बातम्यांत कुणीतरी, कुठंतरी, कुणासाठी तरी बरीच वर्षं खपलेलं असायचं. वाचकांची पत्रं आली, की सदर पूर्वीसारखं राहिलं नाही. एक पत्र पोस्टमास्तरांचं होतं.

खुर्चीचं संशोधन संपलं होतं, त्यामुळे ताईचे मंगळवार मोकळे झाले होते. तो मंगळवारी सकाळी जायला लागला. फोन घरी ठेवून जायचा. ताई चहा द्यायची, इकडचं तिकडचं बोलायची, त्या दिवसाचा विषय काढायची नाही. त्यानं दोनदा काढायचा प्रयत्न केला, तेव्हा तिनं त्याला सुईत दोरा ओवायला दिला.

दोन महिन्यांनी एका मंगळवारी ती बाहेर जायच्या तयारीत दिसली.

"त्या बाईंनी नव्या प्रयोगाला बोलावलंय," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यात एकदा जाऊनही आले."

"आता कशावर?"

"स्मरणशक्तीवर. इतक्यात घडलेला एखादा प्रसंग सगळ्या तपशिलासकट सांगायचा. त्या सगळं लिहून घेतात."

त्याला पुढचं विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "कुठला सांगितलास?"

"तुझ्या शर्टाचा रंगसुद्धा बरोबर सांगितला. आणि अर्धी दाढी." ताईनं पर्समध्ये चष्मा टाकला. "म्हणाल्या, आजी, फार छान लक्षात आहे तुमच्या. आता सहा महिन्यांनी पुन्हा हाच प्रसंग विचारणार आहेत. किती आठवतो, किती पुसला जातो, ते बघायचंय त्यांना."

तो तिच्यामागून दाराबाहेर आला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "नाही आठवला तरी चालेल ना?"

"छे रे," ताई दाराला कुलूप लावत म्हणाली. "मुद्दाम विसरले तर त्यांचा प्रयोग बिघडेल."