व्याह्यांच्या वीस पुंगळ्या

“पितळच आहे ना? मग ते माझं मुकाट्याने ऐकणार!” असं शशिकांतरावांनी होणाऱ्या व्याह्यांना इंग्रजीत ठणकावून सांगितलं आणि शेजारी बसलेल्या वीणाताईंच्या हातातलं कणीस बशीत पडलं. नवऱ्याचा हा आवाज त्या ओळखत होत्या. डिशवॉशर ‘घरच्या घरी’ दुरुस्त झाला, तेव्हाही हाच आवाज होता. त्यानंतर टेक्सासमधल्या शुगर लँडच्या त्या घरात चार दिवस गालिचे वाळत होते!

पण शशिकांतरावांचा तरी काय दोष? लेक अनिकाचं टायलरशी लग्न ठरून वर्ष झालं. या वर्षात टायलरचे वडील क्लेटन त्यांच्याशी दोनच विषयांवर बोलले होते. एक, ऊन फार आहे. दोन, उद्याही असणार. व्याही कसा, मांडीला मांडी लावून बसणारा हवा! आणि आज हा माणूस पहिल्यांदाच मनातलं काही बोलला होता. आजोबांची रायफल त्याच्या भिंतीवर पंधरा वर्षं मुकी बसली होती, कारण तिच्या मापाची काडतुसं कोणी बनवेनासं झालं होतं. येत्या शनिवारी क्लेटनला सत्तर वर्षं पूर्ण होणार होती. त्या दिवशी तिचा आवाज एकदा ऐकावा, एवढीच त्याची इच्छा.

शशिकांतरावांनी जन्मात बंदूक धरली नव्हती, पण पस्तीस वर्षं तेलाच्या पाइपलाइनींत काढली होती. दुसऱ्या, मोठ्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी घ्यायची, तिची मान तापवून मऊ करायची, साच्यात दाबून बारीक करायची, की झाली आजोबांच्या मापाची! त्यात दारू आणि गोळी भरायचं काम क्लेटनचं. क्लेटनने वडिलांच्या वेळेपासून जपलेल्या वीस पुंगळ्या आणि कपाटात पडलेला पोलादी साचा त्यांच्या हवाली केला.

“दॅट्स ऑल देअर इज, शशी,” एवढंच म्हणाला.

बुधवारी सकाळी वीणाताई योगाच्या क्लासला गेल्या आणि डायनिंग टेबलावर कारखाना सुरू झाला. साचा बसवायचं दाबयंत्र ऑनलाइन मागवलेलं, ते आलं होतं. पुंगळीला लावायचं वंगण मात्र शुक्रवारी येणार होतं. शशिकांतरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि साजूक तुपाची बरणी उघडली!

पहिल्या सहा पुंगळ्यांना त्यांनी लाडू वळताना ओततात तसं सढळ हाताने तूप लावलं. सगळ्यांच्या खांद्याला खळ्या पडल्या आणि मानेला मोदकासारख्या कळ्या आल्या. “अरेच्चा, तापवायच्या राहिल्या!” मग पुढच्या सात त्यांनी गॅसवर अशा लालबुंद केल्या की साच्यात जाताच त्या अंग टाकून बसल्या. आता दोष तुपाचा ठरला. चौदावी पुंगळी रुमालाने कोरडी पुसून त्यांनी यंत्राचा दांडा दाबला. आत गेली. बाहेर येईना!

वीणाताई परत आल्या तेव्हा नवरा टेबलावर एक पाय रोवून दोन्ही हातांनी दांड्याला लोंबकळत होता, टेबलाचे दोन पाय हवेत होते आणि गॅसवर सांडलेलं तूप धुरावत होतं. त्यांनी तडक लेकीला फोन लावला.

“अनिका, तुझे बाबा गॅसवर काडतुसं भाजतायत! आणि एक अडकलंय!”

अनिका मीटिंगमध्ये होती. “आई, व्हॉट? बुलेट्स? ऑन द स्टोव्ह? गेट आउट ऑफ द हाउस!”

“अगं, रिकामी आहेत...” म्हणेपर्यंत फोन बंद.

“तिला कशाला सांगितलंस?” शशिकांतराव कळवळले. “ती टायलरला सांगणार, टायलर त्यांना! व्याह्यांना कळलं तर संपलं सगळं!”

बाराव्या मिनिटाला अंगणातल्या हिरवळीवर ट्रक चढला. क्लेटन आग विझवायचं नळकांडं घेऊन आत घुसला, धूर पाहिला आणि काही न विचारता फवारा सोडला. गॅस पांढरा, टेबल पांढरं, शशिकांतरावांच्या मिशा पांढऱ्या!

धुरळा बसल्यावर शशिकांतरावांना मान वर करवेना. फार वाईट वाटत होतं त्यांना. “मिस्टर क्लेटन, आय ॲम सॉरी. तुमच्या वडिलांच्या चौदा पुंगळ्या मी घालवल्या. सहाच राहिल्यात.”

क्लेटनने एक मोदक उचलला. बोट चोळलं, हुंगलं. “बटर?”

“घी.”

त्याचे खांदे हलायला लागले. मग पोट. मग तो खुर्चीत बसून डोळे पुसत हसत सुटला. “शशी, हा साचा कपाटात का पडला होता, ठाऊक आहे? पंधरा वर्षांपूर्वी मी तीस घालवल्या! बायकोला अजून पत्ता नाही!”

मग दोघं बाह्या सरसावून बसले. क्लेटनने अडकलेली पुंगळी ड्रिलने काढली. पुढची दाबायला शशिकांतराव सगळं वजन टाकणार, तेवढ्यात वीणाताई कडाडल्या, “अहो, एका दमात काय दाबताय? चकलीच्या सोऱ्याला लावतात तेवढंच बोट लावा तुपाचं. नुसती मान तापवा. जरा दाबा, बाहेर काढा, फिरवा, पुन्हा दाबा!” शशिकांतरावांनी भाषांतर केलं. क्लेटनने वीणाताईंकडे पाहून टोपी काढली. सहापैकी दोन पुंगळ्या अगदी मापात उतरल्या.

शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर आजोबांची रायफल कडाडली. क्लेटनने डोळे पुसून दुसरं काडतूस व्याह्यांच्या तळहातावर ठेवलं. “युअर टर्न, शशी.” शशिकांतरावांची गोळी कुठे गेली ते आजतागायत कळलेलं नाही, पण ते स्वतः दोन पावलं मागे जाऊन गवतात बसले आणि तिथे बसूनच बाजूला उभ्या असलेल्या अनिकाला ओरडून म्हणाले, “जमलं गं आमचं!”

रविवारी सकाळी नऊला बेल वाजली. शशिकांतरावांनी ऐटीत दार उघडलं. क्लेटनने कौतुकाने ही हकीकत रेंजवरच्या अख्ख्या क्लबला सांगितली होती. शशिकांतरावांना व्याही एकच हवा होता. दारात अकरा टेक्सन म्हातारे उभे होते, आपापल्या आजोबांची रायफल आणि पुंगळ्यांचे डबे घेऊन!

“व्हेअर्स द लेडी?” त्यांच्यातल्या सर्वांत थोरल्याने विचारलं.

शशिकांतराव मुकाट्याने बाजूला झाले.