आयोलाइट आणि आमचे डोळे

बायकोसाठी काही आणायचं तर बायकोला विचारूनच आणायचं, हे शहाणपण मला लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी आलं होतं. (पहिल्या वर्षी मी तिच्यासाठी इस्त्री आणली होती.) पण यंदा तिच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मला हुक्की आली, की हिला सरप्राइझ द्यायचं!

ऑफिस सुटलं तसा थेट सराफाकडे गेलो. नीलमची अंगठी दाखवा म्हटलं. त्याने किंमत सांगितली. मी पाणी मागितलं. माणूस समंजस होता, त्याने गुपचूप दुसरा डबा काढला.

"साहेब, हा आयोलाइट. नीलमसारखाच निळा, पण तुमच्यासाठी." ('तुमच्यासाठी' हा शब्द त्याने फार जपून उच्चारला.)

अंगठी स्वतःच्या बोटात घालून त्याने हात काउंटरवरून माझ्यापुढे धरला. निळाशार, किंचित जांभळ्याकडे झुकणारा चौकोनी खडा! घेऊनच टाकली.

घरी आलो तेव्हा ही कांदा चिरत होती. हात धुऊन तिने अंगठी घातली आणि तिचे डोळे भरून आले. (कांद्यामुळे असतील, पण श्रेय मी घेतलं.)

"छान आहे हो," ती म्हणाली. "पिवळा रंग मला आवडतोच."

"पिवळा?"

"म्हणजे फिकट. वाळक्या गवतासारखा."

"अगं, निळा आहे तो!"

तिने हात माझ्यापुढे केला. "हा निळा?"

"निळाच!"

तिने हात स्वतःकडे वळवला. "कायतरीच काय. चांगला पिवळा आहे."

ट्यूबलाइटखाली बघितलं, गॅलरीत जाऊन बघितलं. मला निळा, तिला पिवळा. भांडण पेटणार, एवढ्यात ती एकदम मऊ झाली. माझ्या चहात न मागता जास्तीची साखर घातली आणि हळूच म्हणाली, "हल्ली पेपर जरा लांब धरता का हो?"

मला तर गलबलून आलं होतं. आयुष्यभर शिवणकाम केलेली बाई, कापड नुसतं बघून दोऱ्याची नेमकी छटा सांगणारी, आणि आज तिला निळं-पिवळं कळेना!

"उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ या का?" मी चाचरत विचारलं.

"अगदी माझ्या मनातलं बोललात!" ती म्हणाली. किती धीराने घेतलंन, या विचाराने माझा ऊर भरून आला. (तिचाही आला होता, हे मागाहून कळलं.)

"पेशंट कोण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ही," मी म्हणालो.

"हे," ही म्हणाली.

मग बराच वेळ आम्ही एकमेकांना खुर्चीकडे ढकलत होतो. शेवटी बाईंनी दोघांनाही तपासलं. दोघांचेही डोळे ठणठणीत! आम्ही त्यांच्यापुढे अंगठी केली.

"निळाच तर आहे," बाई म्हणाल्या. मी विजयी मुद्रेने बायकोकडे बघितलं. तेवढ्यात बाईंनी मोहाने ती स्वतःच्या बोटात घातली आणि हात स्वतःकडे वळवला. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"तुम्ही आधी सराफाकडे जा," त्या म्हणाल्या. "मी बघते मला कोण तपासतंय."

सराफ पोट धरून हसला. "अहो, या खड्याची गंमतच ती! एका अंगाने निळा, दुसऱ्या अंगाने पिवळट. कारागिराने जरा तिरका बसवलाय, म्हणून घालणाऱ्याला पिवळा आणि समोरच्याला निळा दिसतो. साधा गाळ हो मुळात. डोंगराच्या पोटात दाबला जातो, तापतो, पण न वितळता त्याचं रूप पालटतं, तेव्हा हा तयार होतो."

"दाबला, तापला, तरी वितळला नाही," ही खड्याकडे मायेने बघत म्हणाली. "बाईच असणार."

"फिरवून बसवून देतो, वहिनी. मग तुम्हाला निळा दिसेल."

"आणि ह्यांना?"

"त्यांना पिवळा."

तिने झटकन हात मागे घेतला. "नको. आहे तसाच असू दे."

दुकानाबाहेर पडलो आणि मला पुढचं दिसेना. खड्याला नसेल जमलं, पण मी मात्र पुरता वितळलो होतो. भर रस्त्यात (आयुष्यात पहिल्यांदाच) मी तिचा हात हातात घेतला.

"माझ्या डोळ्यांना निळा दिसावा म्हणून तू स्वतः पिवळा बघत राहणार?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग मुलाची समजूत घालावी तशी म्हणाली, "अहो, रविवारी वन्सं येणार आहेत ना!"

वन्सं म्हणजे माझी थोरली बहीण.

"त्या नेमक्या माझ्या समोर बसतात," ही म्हणाली. "मी नीलम म्हणून सांगणार आहे. तुम्ही तेवढे आत बसा. तुमच्या तोंडाकडे बघितलं की त्यांना किंमत कळते."