सी तहामींची गावठी अंडी

बाळंतिणीला माहेरची गावठी अंडी द्यायची, म्हणून मोरोक्कोतल्या मेकनेस शहरातले निवृत्त ग्रंथपाल सी तहामी टोपली घेऊन मुलीच्या सासरी गेले. विहीणबाई लल्ला बतूल यांनी वरचं फडकं उचललं आणि नाक मुरडलं.

"ही गावठी? एक पांढरं, तीन तपकिरी, एक लिंबाएवढं, एक मुठीएवढं! पोल्ट्रीतली उरलीसुरली गोळा केलीत वाटतं?"

"नाही हो, घरच्याच कोंबड्यांची आहेत. रंग जातीवर असतो. कोंबडीच्या कानाची पाळी पांढरी असली, तर अंडं बहुधा पांढरं..."

"कोंबडीला कान?" जमलेल्या बायका खिदळल्या. "ऐकलंत का गं? आता डूलही करायला हवेत तिला!"

तहामी गोंधळले. गोंधळले की ते अधिक माहिती देत.

"आणि कोवळ्या कोंबडीचं अंडं लहान असतं. वय वाढलं, अंग सुटलं, की मग मोठं..."

लल्ला बतूल यांचं वय वाढलेलं होतं आणि अंगही सुटलेलं होतं.

"नझहा," आतल्या खोलीकडे तोंड करून त्या म्हणाल्या, "तुझ्या बापाला चार गावठी अंडी जड झाली. वर मलाच कोंबडी म्हणतात!"

बारशाला सगळं गोत जमणार, आणि हे बोलणं मुलीला जन्मभर ऐकावं लागणार, एवढं तहामींना पुस्तकाशिवायही कळलं. ते तडक बाजारात गेले.

"गावठी हवीत, की गावठी दिसणारी?" अंडीवाल्याने विचारलं.

तहामींनी खाली बघितलं. "दिसणारी."

पोल्ट्रीतल्या कोवळ्या कोंबड्यांची, एका मापाची फिकट अंडी त्याने रचली आणि वर भुसा पसरून दोन पिसं खोचली. "पिसं फुकट, हाजीसाहेब."

दुसऱ्या दिवशी लल्ला बतूल यांनी पिसं पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. "याला म्हणतात गावठी! कोंबड्यांनासुद्धा चार शब्द सुनवावे लागतात."

अंडी उकडून आली. नझहाने एक जिऱ्यामिठात बुडवून खाल्लं आणि डोळे मिटले. लहानपणी अंड्याची वाट बघत ती तासन्‌तास बापाच्या खुराड्याशी बसायची.

"बाबा, ही आपल्या घरची चव! कालचं खाल्लं मी, पण खरंच पोल्ट्रीचंच वाटलं हो. कशाला आणलीत तसली?"

सगळ्या बायका तहामींकडे बघू लागल्या.

"चुकलं, बाळ," ते म्हणाले.