रानांत निवड कोण करितो, याची हकीकत

पांखरांस पंख, माशांस कल्ले आणि मनुष्यास शंका ज्यानें दिली त्यास आधीं दंडवत. शके सतराशें ऐंशीं, काळयुक्त नाम संवत्सरीं, वैशाख मासीं, नांव लिहिण्याची मनाई असलेल्या एका थोर राज्यांत जें वर्तमान जाहलें तें आम्हीं डोळां देखिलें, आणि हंसून हंसून पोट दुखलें तरी लिहितों. त्या राज्यांत गोंदजी पांखरे हे सरकारी कबुतरखान्याचे दरोगे होते, आणि त्यांपाशीं चारशें कबुतरें होतीं, आणि वीस वर्षें दरोग्यांचा एकच उद्योग कीं ज्या पांखराचें शेपूट इतरांहून अंमळ रुंद तेंच जोडीस लावावें, मग त्याच्या पिलांतलें रुंद तें पुन्हा निवडावें, आणि ऐसें करितां करितां साध्या करड्या कबुतरांच्या वंशीं पंख्याएवढ्या शेपटाचे पांढरे लक्के निपजले. मग दरोग्यांचे मनीं आलें कीं येथें निवड आम्ही करितों, रानांत कोण करितो? तर रानांत पिलें फार, चारा थोडा आणि वर ससाणा टपलेला; जें पांखरूं अंमळ चपळ वा अंमळ मातकट तें वांचतें, त्याचीं पिलें त्यावरच जातात, आणि लाखों वर्षें हेंच चालतां एका पांखराचीं नाना जातींचीं पांखरें होतात. हें सारें दरोग्यांनीं कागदीं लिहिलें आणि भयानें पेटींत घातलें, कारण राज्यांत पक्की समजूत कीं जो जैसा आहे तो पहिल्या दिवसापासून तैसाच आहे, आणि हुजूर तर विशेषेंकरून तैसेच.

तों दूर बेटावरून बाळोजी फणसे या कारकुनाचें पत्र आलें. बाळोजी तेथें सरकारासाठीं फुलपांखरें धरीत, आणि हिंवतापानें फणफणले असतां त्यांसही नेमकें हेंच सुचलें, आणि भोळेपणें दरोग्यांसच लिहिते जाहले कीं, "साहेब, एक गंमत सुचली आहे. वाचून पाहावी. वेडेपणा वाटल्यास चुलींत घालावी." दरोगे वाचून आपल्या पेटीवर जाऊन बसले. मग त्यांचें कुटुंब जिऊबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "अंडीं उबवावीं तैसे वीस वर्षें त्या पेटीवर बसलांत. आतां तरी उठा." दरोगे म्हणाले, "आणि बाळोजीचें पत्र?" त्या म्हणाल्या, "तेंही न्या. चोरी का करायची आहे?" मग दरोगे दोन्ही कागद घेऊन दरबारीं गेले, आणि हा मोठेपणा आम्हांस फार आवडला, म्हणून मुद्दाम लिहिला.

दरबारचा रिवाज ऐसा कीं सनद असलेल्या मनुष्यावांचून कोणतेंही काम होत नाहीं. दिवा विझविण्यासही एक इसम नेमिलेला, आणि तो रजेवर गेला कीं दिवा जळतच राही. तेव्हां कागद वाचून होतांच हुजुरांनीं पुसिलें, "रानांत निवड करणारा कोण?" दरोगे बोलिले, "कोण्ही नाहीं जी." चिटणीस नागोपंत कानानें अधू, त्यांनीं "कोन्हेरजी" ऐसें लिहून घेतलें. झालें. हुजूर चकित होऊन म्हणाले, "इतका मोठा अंमलदार, आणि आम्हांस ठाऊक नाहीं?" आणि हुकूम सुटला कीं कोन्हेरजींस आठ दिवसांत हजर करावें, न सांपडल्यास दरोगे लबाड, आणि त्यांचीं चारशें कबुतरें मुदपाकखान्यांत स्वैंपाकास द्यावीं. दरोगे घसा फोडून सांगतात "कोण्ही नाहीं, कोण्ही नाहीं", आणि नागोपंत मान डोलावून म्हणतात, "होय हो, तेच, तेच."

आठवे दिवशीं स्वारांनीं खरोखरच एक कोन्हेरपंत धरून आणिले. बापडे सत्तरीचे, बोळके, पायांत वहाणही नाहीं. हुजुरांनीं पुसिलें, "सर्व प्राण्यांची निवड तुम्हीच करितां ना?" ते म्हणाले, "महाराज, मी घरीं तांदूळ निवडतों, आणि त्यांतही खडे राहतात म्हणून बोलणीं खातों." दरबारानें हा विनय मानिला, आणि अंगावर शाल घातली, आणि हत्तीपुढें उभें करून पुसिलें, "हा ठेवावा काय?" कोन्हेरपंत भीत भीत म्हणाले, "असूं द्या," आणि कारकुनांनीं हत्ती मंजूर ऐसें लिहिलें, मग उंट मंजूर, बदक मंजूर, आणि डांसाचें नांव निघतांच कोन्हेरपंत प्रथमच ठाम बोलले, "तो नको," आणि दरबारांत ऐसी वाहवा जाहली कीं आम्हींही केली.

मग हुजूर खुशींत येऊन म्हणाले, "दरोगे, हेच ना ते? होय म्हणा, आणि पांखरें घेऊन घरीं जा." अंगणांत खुराडीं मांडिलीं होतीं, आणि त्यांपाशीं आचारी सुरी घेऊन उभा. एक होय म्हटलें कीं चारशें माना वांचतात, आणि वीस वर्षें मातींत जातात, आणि बाळोजींचीही गंमत त्यांबरोबर जाते. मग दरोगे हात जोडून बोलिले, "हे भले गृहस्थ आहेत. यांनीं कांहीं केलेलें नाहीं. निवड पाहावयाची तर वर पाहावें." आणि आचाऱ्याचा हात पडण्याआधींच त्यांनीं खुराड्यांचीं दारें भराभर उघडलीं.

चारशें पांखरें एकदम आभाळीं गेलीं आणि दरबार वेड्यासारखा नाचूं लागला, आणि आम्ही पागोटें उडविलें. तों बुरुजावरून ससाणे सुटले. करडीं कबुतरें झपकन् कौलांच्या वळचणीस शिरलीं; लक्क्यांस तें भलें थोरलें शेपूट आवरेना, आणि दरोग्यांच्या हातून दाणा खाणारी पांढरी मादी सर्वांआधीं गेली. पागोटें खालीं पडलें तें आम्हीं उचललें नाहीं. हुजूर वर पाहत हळूच म्हणाले, "दरोगे, आणि आमचीही निवड ऐसीच?"

"होय जी."

मग हुजूर सिंहासनावरून उतरले आणि अंगणांत दरोग्यांपाशीं येऊन उभे राहिले.

सारांश, लक्के गेले, करडीं राहिलीं, कोन्हेरपंत शाल घेऊन घरीं पोंचले, आणि दोन्ही कागदांवर दोघांचीं नांवें घालून सरकारी मोहोर जाहली. गोंदजी दरोगे जिंकले, आणि त्या दिवशीं जेवले नाहींत.