किनारबाईंचा हिरवा धागा

सकाळी हातात घड्याळ घालताना किनारबाई एकदम थबकल्या. पट्ट्याच्या कडीत वीतभर हिरवा धागा अडकला होता! काल संग्रहालयात त्या सातशे वर्षांपूर्वीच्या झग्याची बाही भिंगातून तपासत होत्या. आत जाताना घड्याळ काढून ठेवायचा नियम. तोच नेमका विसरल्या होत्या.

चार वर्षं जुन्या कपड्यांच्या किनारींवर डोळे फोडले, म्हणून घरच्यांनी त्यांना हे नाव ठेवलेलं. उद्या त्यांचं भाषण होतं, तेही सगळंच्या सगळं त्या बाहीच्या किनारीतल्या एकुलत्या एका हिरव्या धाग्यावर. 'अनामिक कारागिराची प्रतिभा' असं पत्रिकेत छापूनसुद्धा आलं होतं. आणि तो धागाच बाईंनी उपटून घरी आणला होता!

"गेली माझी नोकरी," असं पुटपुटत त्यांनी धागा बशीत ठेवला आणि संग्रहालयाला फोन करायला बाहेरच्या खोलीत गेल्या. तीनदा नंबर लावला, तीनदा धीर सुटला. परत येऊन बघतात तर बशी रिकामी.

"आई, इथला धागा?"

"तो होय? तुझ्या नवऱ्याच्या शर्टाचं बटण लोंबत होतं, टाकलं लावून," सासूबाई म्हणाल्या. "काय मजबूत आहे गं! चांगला ओढून बघितला."

"आणि शर्ट?"

"गेला की ऑफिसला. त्याच्यासकट."

बाई धावल्या. पायात एक चप्पल आपली, एक सासूबाईंची. बसथांब्यावर नवऱ्याला गाठून त्यांनी कात्री उगारली.

"अगं, लोक बघतायत!"

"हलू नकोस! सातशे वर्षांचा आहे!"

"शर्ट? मागच्या वर्षी तूच तर आणलास!"

बटण धाग्यासकट मुठीत घट्ट धरून त्या संग्रहालयात पोचल्या. तिथल्या जुन्या कपड्यांची डागडुजी करणाऱ्या ताईंपुढे त्यांनी एका दमात सगळं कबूल केलं. डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. ताईंनी बटण भिंगाखाली धरलं.

"शिवताना तुटला नाही?"

"नाही. सासूबाईंनी ओढूनसुद्धा बघितला."

"सातशे वर्षांचा असता तर भुगा झाला असता हो! हा माझा टाका. मागच्या वर्षी किनार सुटत होती, म्हणून घातला. कोपऱ्यावरच्या दुकानातलं रीळ. वहीत नोंद करायची तेवढी राहिली."

"म्हणजे झगा...?"

"ठणठणीत आहे."

किनारबाईंच्या जिवात जीव आला. हुश्श करून त्या खुर्चीत बसल्या आणि बसल्या तशाच ताडकन उठल्या.

"अहो, पण उद्या माझं भाषण! अनामिक कारागिराची प्रतिभा!"

ताईंनी भिंग खाली ठेवलं. जराशा लाजल्याच त्या.

"मग मी येणार हं ऐकायला. पुढच्या रांगेत जागा धरा. इतकी वर्षं टाके घालतेय, पण असं कौतुक कोणी केलंच नाही बघा."