कॉम्प्युटर गोरा करताना

पेन्शनर माणसाने माळा आवरायला काढू नये. मी काढला, कारण कपाटं आदल्या दिवशीच आवरून झाली होती. (त्याच्या आदल्या दिवशी चमचे पुसले होते. बारा. दोनदा.)

बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली त्याला चार महिने झाले होते. लेकीचं घर दोन खोल्यांचं. तिथे जादा माणसाला जागा नाही, आणि जादा माणूस म्हणजे मी. रोज दुपारी बायकोचा फोन यायचा. "जेवलात का? गोळी घेतलीत का? गॅस बंद केलात का?" तिन्ही प्रश्नांना 'हो' म्हटलं की दीड मिनिटात फोन संपायचा. उरलेला दिवस माझा मला.

तर माळ्यावर चादरीखाली कॉम्प्युटर निघाला. लेक शाळेत होती तेव्हा हप्त्यांवर घेतलेला. ढेरपोट्या मॉनिटर, फ्लॉपी गिळणारं तोंड, आणि टाइप करताना पत्र्यावर गारा पडल्यासारखा वाजणारा कीबोर्ड. आणला तेव्हा पांढराशुभ्र होता. आता चहात बुडवून काढल्यासारखा दिसत होता. भंगारात द्यावा म्हणून त्याला गुंडाळायला रद्दीतला पेपर ओढला, तर त्यातच बातमी : जुन्या कॉम्प्युटरना हौशी संग्राहक सोन्याचा भाव देतात. खाली एका संग्राहकाचा नंबर.

मी लगेच फोन लावला. (भावासाठी नाही हो. दीड मिनिटापेक्षा जास्त बोलणारं कुणीतरी हवं होतं.)

"चालू होतो का?" संग्राहकाने विचारलं.

"होतो. सकाळी माझ्यापेक्षा लवकर होतो."

"मूळ खोकं आहे?"

"होतं. त्यात दुपटी भरून बायको लेकीकडे घेऊन गेली."

पलीकडून कुणी वारल्यासारखं "अरेरे" आलं. "खोकं असतं तर भाव दुप्पट होता. रंग कसा आहे?"

"पिवळा."

"मग निम्मा."

एका मिनिटात माझी तीन चतुर्थांश इस्टेट बुडाली. पण माणूस दयाळू निघाला. म्हणाला, पिवळेपणा काढता येतो. ब्यूटी पार्लरमध्ये केसांचा रंग उडवायचं पेरॉक्साइडचं क्रीम मिळतं. ते फासायचं, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं आणि उन्हात ठेवायचं. "मी शनिवारी बघायला येतो," तो म्हणाला. माझ्या घरी कुणीतरी येणार होतं! मी चमचे परत पुसले.

कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये जन्मात पहिल्यांदा पाऊल टाकलं. पार्लरवाली बायकोची मैत्रीण.

"आठ बाटल्या?" तिने डोळे मोठे केले. "कुणासाठी, काका?"

"आहे घरी एक. पूर्वी गोरापान होता, आता पिवळा पडलाय."

"वय?"

"तिशीचा."

"स्किन सेन्सिटिव्ह आहे का?"

मला ऐकू आलं 'स्क्रीन'. "स्क्रीनला लावायचंच नाही. बाकी सगळ्या अंगाला चोपडायचं आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून गच्चीत ठेवून द्यायचं."

ती खुर्चीसकट मागे सरकली. "काकूंना माहीत आहे हे?"

"छे! तिला सरप्राइज."

गुरुवारी सकाळी हातमोजे घालून कॉम्प्युटरला न्हाऊमाखू घातलं. ऊन मी म्हणत होतं. घाम आला तसा मनगटाने तोंड पुसत होतो. गुंडाळून गच्चीत ठेवला आणि खाली येतो न येतो तोच फोन. बायकोचा. आणि त्या दिवशी गोळीबिळी काही नाही.

"घरात कोण आलंय?"

खरं सांगायला पाच सेकंद लागली असती. तोंड उघडलंसुद्धा होतं. पण तिच्या आवाजात चार महिन्यांत न ऐकलेलं काहीतरी होतं. तिला माझ्याकडून काहीतरी जाणून घ्यायचं होतं! मी तोंड मिटलं.

"आहे एक," मी म्हणालो. "जुनी ओळख."

"काय करतंय?"

"गच्चीत ऊन खातंय."

"जेवायला काय दिलंत?"

"काही खात नाही बिचारा."

ती प्रश्न विचारत गेली, मी उत्तरं लांबवत गेलो. मधेच बाळाला उचकी लागली, ती मला ऐकवली. जावयाला बढती मिळाली, तेही कळलं. पंचवीस मिनिटं! शेवटी ती म्हणाली, "उद्या सकाळच्या बसने येतेय मी." फोन ठेवल्यावर मी खोलीतल्या खोलीत तीन फेऱ्या मारल्या. लबाडी केल्याची लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

शुक्रवारी दार उघडलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली.

"मिशीला काय झालं?"

आरशात बघितलं. उजवी मिशी काळीपांढरी, डावी सोनेरी. (चार महिने एकटं राहिलं की माणूस आरशात बघायचंही सोडतो.) तोवर ती गच्चीत पोचली होती. प्लास्टिक सोडलं. आत कॉम्प्युटर नव्हता, जगाचा नकाशा होता : पिवळा समुद्र आणि त्यात पांढरे खंड. ती पायरीवर बसली आणि पोट धरून हसायला लागली. मलाही हसू आलं. त्या गच्चीत दोन माणसांचं हसणं ऐकून किती दिवस झाले होते.

"संशय आला होता ना तुला?" मी जरा ऐटीत विचारलं.

"तुमचा?" तिने डोळे पुसले. "अहो, पार्लरवालीने फोन करून तुमचं 'स्क्रीन' सांगितल्याबरोबर कळलं मला. आपला फोन स्पीकरवर होता. जावई हसून हसून खुर्चीवरून पडले."

"मग आलीस कशाला?"

"विणायच्या सुया राहिल्या होत्या. आणि..." ती थांबली.

"आणि काय?"

"आणि लोकर," ती म्हणाली आणि खाली निघून गेली.

शनिवारी संग्राहक आला. खिशातून भिंग काढून त्याने प्रत्येक खंडाचा दौरा केला. "पिवळा चालला असता," तो हळहळला. "डाग चालत नाहीत. आता हा फुकटसुद्धा कुणी नेणार नाही." मग त्याचं भिंग माझ्या तोंडाकडे वळलं. "इथे मात्र सुंदर, एकसारखं उतरलंय. किती वेळ ठेवलं होतं?"

रविवारी सकाळी बायकोला बसमध्ये बसवून आलो. घरात शिरलो तर घड्याळ ऐकू आलं. दोन दिवस ते बंद होतं की काय कोण जाणे.

दुपारी पान वाढून घेतलं, तेवढ्यात फोन वाजला. बायकोचं नाव. "पोचलीस?" उत्तर नाही. नुसतं घोरणं. पर्समध्ये चुकून बटण दाबलं गेलं असणार. आधी बारीक शिट्टी, मग लाकूड कापल्यासारखं. मी फोन बंद केला नाही. स्पीकर लावून ताटाशेजारी ठेवला आणि तिच्या सोबतीने जेवलो. दोनदा भात घेतला, तोही तिला सांगून.

झोपलेल्या माणसाशी बोलणं सोपं असतं. "तुझं घोरणं मी हजारांत ओळखीन," मी म्हणालो. "छत्तीस वर्षं ऐकलंय. तू नसलीस की घर खायला उठतं गं. मी रोज तीनदा 'हो' म्हणतो, पण गोळी कधीकधी नाही घेत. तू फक्त सुयांसाठी आलीस म्हणालीस, ते मला लागलं. लोकर इथेही मिळते. इथे बसून विण ना."

घोरणं केव्हाच थांबलं होतं, ते माझ्या आत्ता लक्षात आलं.

"काका," पलीकडून एक भसाडा आवाज आला. "मी कंडक्टर बोलतोय. काकू तासापूर्वीच उतरल्या, फोन सीटवर राहिला त्यांचा. तुम्हाला कळवायला नंबर लावला आणि डोळाच लागला बघा."

"तुम्ही... कितपत ऐकलंत?"

"भातापासून सगळं." तो जरा घुटमळला. "फोन आगारात जमा करतो, काळजी करू नका. गोळी तेवढी घ्या. आणि काका, ते हजारांत ओळखीन म्हणालात ना, ते काकूंपाशी नका बोलू."