अँबॅसिडर बरी की काँटेसा

शेजारचे श्रीपादराव गाडीची परीक्षा ताकानं घेतात. मागच्या सीटवर मला बसवायचं, हातात काठोकाठ भरलेला ताकाचा पेला द्यायचा आणि चामुंडीचा डोंगर चढून उतरायचा. आधी चौसष्ट सालच्या अँबॅसिडरमधून, मग सत्त्याऐंशी सालच्या काँटेसामधून. खाली आल्यावर पेल्यात बोट बुडवून ते किती ताक उरलं ते बघतात. माझ्या पँटीवर किती आलं ते बघत नाहीत.

निकाल ठरलेला. "नोडी, अँबॅसिडर म्हणजे सोफा. काँटेसा सुम्ने दिखावा. अष्टे, मुगीतु." सुम्ने म्हणजे नुसताच, अष्टे म्हणजे एवढंच आणि मुगीतु म्हणजे संपलं. यांचं मात्र कधीच संपत नाही.

चार वर्षांपूर्वी पुण्याहून इकडे कानडी मुलखात, गोकुलमला आलो तेव्हा शेजारी मराठी घर आहे म्हणून आम्ही हुरळून गेलो होतो. निघालंही मराठी, पण अर्धं कानडी आणि उरलेलं गाड्यांचं. काँटेसाचं बॉनेट म्हणे इस्त्रीचं टेबल. तिचं स्टिअरिंग आळशी, हॉर्नही उर्मट. अँबॅसिडर चढावर धापा टाकायला लागली की मात्र ते कौतुकानं म्हणत, "बघा, घाई नाही तिला." मी आपला होला हो करायचो. रविवारी माणसाला लवकर सुटायचं असतं.

यंदा बाजूच्या मोकळ्या प्लॉटच्या मालकानं आपली जागा परत मागितली. तिथली यांची गाडीची शेड जाणार, दारात एकच गाडी मावणार. म्हणजे दसऱ्याच्या आयुधपूजेआधी एक विकणं आलं. कोणती, हे विचारायचीसुद्धा गरज नव्हती. टी. नरसीपूरचे एक डॉक्टर काँटेसा न्यायला यायचे ठरले आणि मला वाटलं, सुटलो बुवा एकदाचे.

मी गेलो तेव्हा डॉक्टर काँटेसापाशी उभे होते आणि श्रीपादराव अँबॅसिडरच्या चाकांखाली लिंबं ठेवत होते. हारही तिलाच घातलेला.

"ही न्या," ते डॉक्टरांना म्हणाले.

डॉक्टर दोन मिनिटं घुटमळले, मग त्यांचा चेहरा खुलला. लिंबं चिरडत अँबॅसिडर गेली.

मी भडकलोच. "जन्मभर हिचं गुणगान केलंत आणि हिलाच घालवलंत? डोकं ठिकाणावर आहे ना?"

श्रीपादराव पायरीवर बसले. "अँबॅसिडर माझी बाजू री. काँटेसा माझ्या बायकोची, मालतीची. तीस वर्षं भांडलो आम्ही यावरून, जेवतानासुद्धा. ती गेल्यापासून तिच्या बाजूनं बोलायला कोण नाही. तुम्ही तर सगळ्याला हो म्हणता. गाडी पण गेली असती तर तिचं काय राहिलं असतं?"

मला वाईट वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली. चार वर्षं हा माणूस भांडायला कुणीतरी शोधत होता आणि मी घड्याळ बघत माना डोलावत होतो.

"वहिनींचं बरोबर होतं," मी म्हटलं. "काँटेसाच चांगली. तुम्हाला गाड्यांतलं काही कळत नाही."

श्रीपादरावांनी मान वर केली. "कोण म्हणतं? बसा इथं."

आणि त्यांनी माझ्याशी जेवायची वेळ टळेपर्यंत भांडण केलं.